रिकर्व्हचे लिम्ब पारखताना: शेवटच्या दोन इंचांचा हिशेब

टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याला नवे लिम्ब, म्हणजे वाकणाऱ्या दोन भुजा, घ्यायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न वेगाचा असतो. मग कार्बन की फायबरग्लास, गाभा लाकडाचा की फोमचा, आणि आपली ओढ किती, म्हणजे दोरी आपण किती इंच मागे आणतो, हा विचार सगळ्यात शेवटी. साईट, क्लिकर आणि लांब स्टॅबिलायझर (नेम, ओढ आणि तोल साधायची साधनं) न लावता, पारंपरिक पद्धतीने बाण मारणाऱ्यासाठी हा क्रम उलटा हवा. आपल्या हाताला लिम्बचा गुण कळतो तो अँकरला (दोरीचा हात चेहऱ्यापाशी थांबतो त्या जागेला) पोचण्याआधीच्या शेवटच्या दोन इंचांत, आणि बाण सुटल्यावर मुठीत जे उरतं त्यात. या दोन्ही गोष्टी पैसे मोजण्याआधी तपासता येतात. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या एका फेरीत मिळून जातं: टांगून वजन करायचा डिजिटल काटा, एलन कीचा संच, मोजपट्टी, मास्किंग टेप. धनुष्याचा टी-स्क्वेअर (दोरीपासूनची अंतरं मोजायची टी आकाराची पट्टी) तेवढा तिरंदाजीचं सामान विकणाऱ्याकडून घ्यावा लागतो.

पुढची सगळी पद्धत मी आयएलएफ (इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग) जोडणी धरून लिहितो आहे. या जोडणीत एका कंपनीच्या रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) दुसऱ्या कंपनीचे लिम्ब बसतात, त्यामुळे एकाच रायझरवर तीन जोड्या आलटून पालटून लावून तुलना करता येते. तुमचं धनुष्य साध्या बोल्टने आवळायचं टेकडाऊन (सुटे भाग करता येणारं) असेल, तर लिम्बची निवड बहुधा त्याच मॉडेलपुरती राहते. ओढ मोजणं, काटा लावणं आणि तपासणी मात्र तिथेही जशीच्या तशी लागू पडते.

लिम्बच्या आत काय चालतं

धनुष्य ओढलं की लिम्बची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. जुन्या हिंदुस्थानी कमानीत ताणाच्या बाजूला जनावरांच्या स्नायूंचे तंतू, दाबाच्या बाजूला शिंग आणि मध्ये लाकडाचा गाभा असे. सरसाने चिकटवलेली ही कमान पावसाळी दमट हवेत ढिली पडायची. आपल्याकडे पोलादी कमानीही बनत होत्या, त्यामागचं हे एक कारण. आजच्या लिम्बमध्ये स्नायू आणि शिंगाची जागा फायबरग्लास आणि कार्बनने घेतली आहे, सरसाची जागा इपॉक्सीने. गाभा मेपलच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा असतो, नाहीतर दाट फोमचा. फ्रान्सची युखा तर गाभाच ठेवत नाही, अख्खा लिम्ब कार्बनच्या थरांचा घडवते.

लिम्बचा कडकपणा मुख्यतः बाहेरच्या थरांतून येतो. त्या थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवणं आणि मधला घसटता ताण सोसणं, हे गाभ्याचं काम. त्यामुळे ‘बांबूचा गाभा आहे म्हणून ओढ मऊ’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. ओढ कशी वाटेल हे बऱ्याच अंशी लिम्बचा आकार, लांबी आणि टोकाकडच्या वळणावरून ठरतं. कार्बनचा खरा फायदा वेगळा आहे. तेवढाच कडकपणा कमी वजनात मिळाल्याने लिम्बचं टोक हलकं होतं. हलकं टोक चटकन परततं आणि बाण गेल्यावर हातात कमी कंप सोडतं. शिवाय ४५ अंशांत तिरपे घातलेले कार्बनचे धागे लिम्बला पिळू देत नाहीत. बोटांनी दोरी सोडणाऱ्याला हा गुण फार मोलाचा, कारण आपली सुटका दर वेळी थोडीफार आडवी जातेच.

टोकाच्या वळणाचं काम समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. दोरी चढवलेली असताना ती वळणाला टेकलेली असते. ओढत जाल तशी ती वळणावरून सुटत जाते आणि लिम्बची काम करणारी लांबी वाढते. म्हणून रिकर्व्ह सुरुवातीला ताठ वाटतो आणि शेवटाकडे अंग सैल सोडतो. वळण मोठं, तितका हा परिणाम जास्त. स्कॉटलंडच्या बॉर्डर कंपनीची हेक्स मालिका याच कल्पनेवर उभी आहे. मात्र मोठ्या वळणाचा लिम्ब पिळायला सोपा असतो. त्यामुळे तो चांगला बनलेला असावा लागतो आणि दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून जाते आहे ना, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

पायरी १: स्वतःची ओढ मोजा, दमल्यावर पुन्हा मोजा

हलकं धनुष्य घ्या. लांब बाण लावून नेहमीच्या अँकरपर्यंत ओढा. मुठीच्या सगळ्यात खोल जागेच्या सरळ वर बाणावर सोबत्याला खूण करायला सांगा. नॉकच्या (बाणाच्या दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच, ही तुमची ओढ. लिम्बवर ‘२८ इंचांना इतके पाउंड’ असं जे छापलेलं असतं ते याच मापाने.

मोजमाप सरावाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा करा. ओठाच्या कोपऱ्यात अँकर असणाऱ्यांची ओढ त्यांना वाटते त्यापेक्षा कमी भरते, आणि दमल्यावर आणखी आखडते. शेवटी आलेला आकडा हाच खरेदीसाठी खरा धरा. २७ इंचांवर थांबणाऱ्याने २९ इंचांसाठी घेतलेला लिम्ब कधी पूर्ण जागाच होत नाही.

पायरी २: धनुष्याची एकूण लांबी ठरवा

आयएलएफ लिम्ब शॉर्ट, मीडियम आणि लाँग अशा तीन लांबींत येतात. २५ इंची रायझरवर त्यांचं अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंची धनुष्य होतं. रायझर जितका आखूड, तितके इंच एकूण लांबीतून वजा. म्हणजे १७ इंची रायझर आणि लाँग लिम्ब मिळून ६२, आणि १९ इंची रायझर आणि मीडियम लिम्ब मिळूनही ६२च.

हे दोन ६२ सारखे वाटत नाहीत. लांब लिम्ब आणि आखूड रायझर असेल तर वाकणारा भाग मोठा, ओढ अधिक गुळगुळीत, शेवटी दोरीचा कोन मोकळा. आखूड लिम्ब आणि लांब रायझर असेल तर हातात वजन जास्त, धनुष्य अधिक स्थिर, पण लांब ओढ असणाऱ्याला शेवटी कडकपणा लवकर लागतो. ढोबळ मानाने २७ इंचांपर्यंतच्या ओढीला ६० ते ६२ इंची धनुष्य पुरतं, २८ ते २९ ला ६२ ते ६६, आणि ३० च्या पुढे ६६ किंवा ६८. मोठ्या वळणाचे लिम्ब असतील तर एक पायरी आखूड चालतं. बोटं दोरीत चिमटली जात असतील, नॉकच्या वर-खाली कातडी लाल होत असेल, तर पाउंडेजला (ओढायला लागणाऱ्या वजनाला) दोष देण्याआधी धनुष्याची लांबी तपासा.

पायरी ३: छापील पाउंडेजवर विसंबू नका

बहुतेक कंपन्या आयएलएफ लिम्बचं वजन २५ इंची रायझरवर मोजून छापतात. तोच लिम्ब आखूड रायझरवर बसवला की तो जास्त कोनात वाकतो आणि वजन वाढतं. साधारण अंदाज असा, की रायझर जितके इंच आखूड, जवळपास तितके पाउंड जास्त. २५ वर ३४ छापलेला लिम्ब १९ इंची रायझरवर चाळीसच्या आसपास जाऊ शकतो. उलट तुमची ओढ २८ पेक्षा कमी असेल तर दर इंचामागे सुमारे दोन पाउंड वजा होतात. लिम्ब बोल्ट फिरवूनही वजन साधारण दहा टक्क्यांच्या पट्ट्यात वर-खाली करता येतं. बोल्ट किती बाहेर काढायचा याची मर्यादा रायझरच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती कधीही ओलांडू नका. बोल्ट सुटला तर लिम्ब तोंडाच्या दिशेने येतो.

किती पाउंड घ्यावेत? इंटरनेटवर ४५ ते ५० चा सल्ला सर्रास मिळतो. तो सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांचा आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. आपण कागदी लक्ष्यावर किंवा फोमच्या थ्रीडी प्राण्यांवर बाण मारतो. त्यासाठी प्रत्यक्ष बोटांवर २८ ते ३६ पाउंड भरपूर होतात, आणि चांगला आधुनिक लिम्ब ३२ पाउंडांतही वीस-तीस मीटरवर सपाट बाण मारतो. मला हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण जास्त वजनाखाली चांगल्या लिम्बचा आणि वाईट लिम्बचा फरकच कळत नाही. अंगाचं सगळं लक्ष ओढण्यातच जातं.

पायरी ४: काटा लावून ओढीचा आलेख काढा

हा या लेखाचा गाभा आहे. एक अख्खी दुपार यासाठी ठेवा.

लक्ष्यावर लावायचा नव्हे असा एक जुना लांब बाण घ्या आणि नॉकच्या खाचेपासून मोजून त्यावर एकेका इंचाला टेपच्या खुणा करा. पावणेदोन इंच मिळवून प्रत्येक खुणेला आकडा द्या. हा बाण दोरीला लावा आणि डिजिटल काट्याचा हुक दोरीत, नॉकच्या जागी अडकवा. धनुष्य मुठीत धरून काटा हळूहळू ओढा आणि मुठीच्या खोल जागेवर येणाऱ्या प्रत्येक खुणेचं वजन सोबत्याला लिहायला सांगा. काटा किलोत दाखवत असेल तर २.२ ने गुणा. ओढलेली दोरी सोडायची नाही, तशीच हळूहळू परत आणायची. बाण न लावता सोडलेली दोरी लिम्ब फोडू शकते. काट्याचा हुक निसटू नये म्हणून त्याचं तोंड टेपने बंद करून घ्या. खोलीत दुसरं कुणी समोर उभं नको.

आता आकडे वाचायचे. समजण्यासाठी दोन लिम्ब घेऊ, दोन्ही २८ इंचांना बरोबर ३६ पाउंड.

पहिला लिम्ब: २२ इंचांना २१.५, २४ ला २५.५, २६ ला ३०, २७ ला ३२.८, २८ ला ३६.

दुसरा लिम्ब: २२ इंचांना २४, २४ ला २८.२, २६ ला ३२.२, २७ ला ३४.१, २८ ला ३६.

पहिल्यात दर इंचाची वाढ दोनवरून सव्वातीनकडे चढत गेली. याला तिरंदाज स्टॅक म्हणतात. दुसऱ्यात वाढ दोनच्या आसपासच राहिली, उलट किंचित उतरली. शेवटचा आकडा एकच असूनही हाताला ही दोन वेगवेगळी धनुष्यं वाटतील. दुसरं सुरुवातीला जड लागेल, पण अँकरवर थांबणं सोपं जाईल.

साठलेली ऊर्जाही याच आकड्यांतून निघते. दोरी चढवलेल्या अवस्थेपासून पूर्ण ओढीपर्यंत प्रत्येक इंचाचं वजन मिळवा. पहिलं तर शून्यच असतं, शेवटचं मात्र निम्मंच धरा. बेरजेला बाराने भागा. उत्तर फूट-पाउंडात येईल. त्याला अँकरवरच्या पाउंडेजने भागलं की दर पाउंडामागे लिम्बने किती साठवलं ते कळतं. साधा चांगला रिकर्व्ह ०.९ च्या आसपास असतो. मोठ्या वळणाचे लिम्ब १ च्या आसपास किंवा थोडे पुढे जातात. वरच्या उदाहरणात दुसऱ्या लिम्बची बेरीज उघडच मोठी येणार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टॅक असलेला लिम्ब ओढीतल्या चुकीची जास्त शिक्षा देतो, असं म्हणतात. गणित तसं सांगत नाही. अर्धा इंच कमी ओढलं तर गमावलेली ऊर्जा म्हणजे त्या ठिकाणचं वजन गुणिले अर्धा इंच. दोन्ही लिम्बना तिथे ३६ च्या आसपास पाउंड आहेत, त्यामुळे तोटा जवळपास सारखाच: सुमारे दीड फूट-पाउंड. वेगात तो सेकंदाला चारेक फुटांचा फरक पाडतो, आणि २० मीटरवर बाण तीन-साडेतीन सेंटीमीटर खाली जातो. खरा प्रश्न हा, की कोणत्या लिम्बवर तुमची ओढ दर वेळी सारखी राहते. बहुतेकांची गुळगुळीत लिम्बवर राहते, कारण शेवटचा इंच झगडावं लागत नाही. काही अंतःप्रेरणेने मारणाऱ्यांना मात्र शेवटी लागणारा कडकपणाच खूण म्हणून उपयोगी पडतो. तुम्ही कोणत्या गटातले, हे आलेख सांगणार नाही. ते पुढच्या पायरीवर कळेल.

पायरी ५: तुलनेआधी सगळं एका पातळीवर आणा

दोन लिम्बची तुलना करताना दोरीचा प्रकार, बाण, टॅब (बोटांवर घालायचं चामडं) आणि रायझर तेच हवेत. लिम्बची लांबी तीच असेल तर दोरीही तीच ठेवा. दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा सुमारे तीन इंच आखूड असते, मोठ्या वळणाच्या लिम्बना कधी चार इंचही. आधुनिक लिम्बवर कमी ताणणाऱ्या धाग्याची दोरी वापरा. डेक्रॉनची दोरी मऊ आणि शांत असते, पण वेग खाते आणि लिम्बचा स्वभाव झाकते. जुन्या किंवा अज्ञात लिम्बवर मात्र डेक्रॉनच सुरक्षित.

दोरी चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीचा खास दोर) वापरा, पायात धनुष्य अडकवून चढवू नका. पिळलेले लिम्ब बहुतेक वेळा त्याच सवयीतून होतात.

ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोल जागेपासून दोरीचं अंतर, ६२ इंची धनुष्याला पावणेआठ ते सव्वाआठ इंचांवर ठेवून सुरुवात करा. ६६ ला सव्वाआठ ते पावणेनऊ, ६८ ला साडेआठ ते नऊ. कंपनीने आकडा दिला असेल तर तोच आधी. मग दोरीला दोन-तीन पीळ देत आवाज ऐका. एका जागी धनुष्य अचानक शांत होतं. प्रत्येक लिम्बची ही जागा वेगळी असते, आणि तुलना तिथेच करायची. समान इंचांवर ठेवून केलेली तुलना एका लिम्बवर अन्याय करते.

टिलर मोजा: लिम्ब रायझरला भेटतो तिथून दोरीपर्यंतचं काटकोनी अंतर, वर आणि खाली. एक बोट नॉकच्या वर आणि दोन खाली धरत असाल तर वरचं अंतर तीन ते सहा मिलिमीटर जास्त ठेवा. तिन्ही बोटं खाली असतील तर दोन्ही जवळपास सारखी. टिलर बिघडलेला असला की ओढताना धनुष्य मुठीत वर-खाली डुलतं आणि लोक ते लिम्बचा दोष समजतात.

शेवटी दोन्ही लिम्बच्या मध्यावर मास्किंग टेपच्या बारीक खुणा करा. धनुष्य खुर्चीवर टेकवून मागून पाहा. दोरी दोन्ही खुणांवरून आणि रायझरच्या मध्यातून एका रेषेत जायला हवी.

पायरी ६: आता बाण मारा, आणि नेमकं काय जाणवतं ते लिहा

‘छान वाटला’ हे टिपण निरुपयोगी आहे. पाच गोष्टी वेगळ्या करून पाहा.

पहिली, ओढीची सुरुवात. पहिल्या काही इंचांत दोरी किती ताठ वाटते. दुसरी, अँकरआधीचे दोन इंच: खांदा वर उचलला जातो का, की पाठीने सहज काम होतं. तिसरी, अँकरवरचं थांबणं: तीन सेकंद धरल्यावर दोरी पुढे खेचते आहे असं वाटतं, की ती तिथेच बसली आहे. चौथी, सुटका: बोटांवरून दोरी स्वच्छ निघते का. पाचवी, बाण गेल्यानंतरचं धनुष्य: मुठीत ठोका बसतो, बारीक कंप राहतो, की काहीच उरत नाही. आवाजाचं टिपण वेगळं ठेवा, कारण आवाज लिम्बपेक्षा दोरीवर, बाणाच्या वजनावर आणि ब्रेस हाइटवर जास्त अवलंबून असतो. दोरी लिम्बच्या वळणावर आपटण्याचा आवाज असेल तर तिथे फेल्टची पातळ पट्टी लावून पाहा. दोरीवरचे लोकरीचे गोंडे बरंच काम करतात, थोड्या वेगाच्या बदल्यात.

अंतर दहा मीटर पुरे, लक्ष्यावर कागद नको. नुसत्या गवताच्या किंवा फोमच्या बटवर (बाण अडवणाऱ्या ठोकळ्यावर) मारा. गुण मोजायला लागलात की जाणवणं थांबतं. शक्य असेल तर लिम्बवरची नावं टेपने झाका आणि सोबत्याला क्रम बदलून लावायला सांगा. पहिल्या कुठल्याही जोडीला आपण ताजे असतो आणि तिसरीला दमलेले, म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. महाग लिम्ब हातात आहे हे माहीत असलं की तो चांगलाच वाटतो.

हे सगळं कोरड्या दिवशी करा. जुलैच्या मुंबईत चामड्याचा टॅब अर्ध्या तासात ओलसर होतो, दोरी बोटांना चिकटते, आणि सुटकेचा सगळा दोष बिचाऱ्या लिम्बच्या माथी येतो. जागेबाबत एकच सांगेन: क्लबच्या किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालच्या रेंजवरच मारा. सोसायटीची गच्ची, आरे कॉलनीतली मोकळी जागा किंवा राष्ट्रीय उद्यानाचा परिसर यासाठी नाही.

पायरी ७: वेग मोजायचाच असेल तर

क्रोनोग्राफ (बाणाचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. बाण तोलून घ्या, ग्रेनमधलं (बाण तोलायच्या बारीक एककातलं) वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, म्हणजे बाणाला मिळालेली ऊर्जा फूट-पाउंडात. ती पायरी ४ मधल्या साठलेल्या ऊर्जेने भागली की लिम्बची कार्यक्षमता कळते. उदाहरणार्थ ४० पाउंडांच्या धनुष्याने ३७ फूट-पाउंड साठवले आणि ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला १७५ फुटांनी मारला, तर बाणाला २७ फूट-पाउंड मिळाले, म्हणजे सुमारे ७३ टक्के. उरलेली ऊर्जा लिम्ब आणि दोरी हलवण्यात, आवाजात आणि तुमच्या मनगटात गेली. म्हणून कार्यक्षम लिम्ब हाताला शांतही वाटतो. कामगिरी आणि अनुभव इथे एकमेकांना भेटतात.

क्रोनोग्राफ नसेल तर पॉइंट-ऑन अंतर काढा. तोच अँकर, तोच बाण, आणि बाणाचं टोक केंद्रावर धरल्यावर बाण केंद्रातच लागतो ते अंतर शोधा. जो लिम्ब हे अंतर लांब नेतो तो वेगवान. रेंजवर एवढं मोजमाप पुरतं.

बाणाच्या वजनाचं भान ठेवा. पारंपरिक धनुष्याला दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेनचा बाण चांगला मानतात. चाळीस पाउंडांवर ३६० ग्रेनऐवजी ४०० ग्रेनचा बाण लावला तर वेग सेकंदाला सात-आठ फुटांनी उतरतो, म्हणजे २० मीटरवर सुमारे पाच सेंटीमीटर. मधल्या आणि वरच्या किमतीच्या लिम्बमधला फरकही अनेकदा एवढाच निघतो. हलका बाण लावून वेग वाढवायचा मोह होईल, पण फार हलका बाण म्हणजे अर्धवट कोरडी, बाणाशिवायची सुटका. आवाज वाढतो, कंप वाढतो, लिम्बचं आयुष्य घटतं. आणि लिम्ब बदलला की बाणाची स्पाइन (ताठपणा) पुन्हा तपासावी लागते, कारण जास्त ऊर्जा देणारा लिम्ब तोच बाण मऊ असल्यासारखा जास्त वाकवतो.

कोणासाठी कोणता

नुकतीच सुरुवात केली असेल तर लाकडी गाभ्याचे फायबरग्लास लिम्ब, कमी पाउंडात, आणि वर्षभरात बदलायच्या तयारीने. ओढ अजून बसलेली नसताना महागड्या लिम्बचा आलेख तुमच्या कामाचा नाही.

ओढ ठरली आहे, २८ इंचांच्या आत आहे, बेअरबो (साईटशिवायचा प्रकार) किंवा थ्रीडी मारता: लाकडी किंवा फोमचा गाभा आणि कार्बन, वळण मध्यम. माझी पसंती इथेच आहे. या वर्गातला लिम्ब पिळाला तोंड देतो, हाताला शांत असतो आणि जुळवायला हट्टी नसतो. बेअरबोच्या स्पर्धेत उतरणार असाल तर दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडण्यांसह १२.२ सेंटीमीटर व्यासाच्या कड्यातून जायला हवं, हे रायझरवर वजन लावताना लक्षात असू द्या.

ओढ लांब आहे आणि धनुष्य आखूड हवं आहे: मोठ्या वळणाचे लिम्ब. पैसे जास्त जातील, जुळवाजुळव नाजूक असेल, पण ३० इंचांवरही बोटं चिमटणार नाहीत.

जुना लिम्ब घेताना

कोरा कापूस दोन्ही कडांवरून हळू फिरवा. धागा अडकला तिथे थर उचललेला आहे. उघड्या बोटाने हे करू नका, कार्बनची कुसळं खोल जातात आणि निघता निघत नाहीत. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पृष्ठभाग पाहा: आडव्या पांढुरक्या रेघा म्हणजे ग्लासला ताणाच्या भेगा. दोरी अडकायची खाच आणि बोल्टखालची खोबण पाहा. मग दोरी चढवून पिळ तपासा. विक्रेता दोरी चढवू देत नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.

मुंबईत सांभाळताना

आजचा चांगला सीलबंद लिम्ब दमट हवेने बिघडत नाही. बिघडतो तो ओरखड्यातून आत गेलेल्या पाण्याने आणि उष्णतेने. ओरखडा दिसला की स्वच्छ वार्निशचा हात द्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. तिथलं तापमान चिकट थरांना नरम करण्याइतकं चढू शकतं, आणि दोरी चढवलेली असेल तर पीळ कायमचा बसतो. रेंजवरून निघताना दोरी उतरवा, लिम्ब काढून कापडी पिशवीत ठेवा. लोकलमध्ये तसंही टेकडाऊनच सोयीचं. लिम्ब पाठीवरच्या बॅगेत, बाण बंद नळीत आणि टोकं खाली. गर्दीच्या वेळेला लगेजच्या डब्याचा विचार करा.

वरळी, वर्सोवा, माहीमसारख्या समुद्रालगतच्या भागात राहत असाल तर लिम्ब बोल्ट आणि खोबणीतला स्प्रिंगचा खटका महिन्यातून एकदा पुसून तेलाचं बोट लावा. खटका अडकला तर लिम्ब बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, लिम्ब भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, आडवे ठेवा. लाकडी बाण वापरत असाल तर ते सरळ आहेत का हे प्रत्येक सत्राआधी पाहा.

नवी दोरी पहिल्या काही सत्रांत ताणली जाते आणि ब्रेस हाइट उतरते, त्यामुळे लिम्ब नरम पडले असं वाटू लागतं. आधी टी-स्क्वेअर लावा, दोरीला पीळ देऊन ब्रेस हाइट जागेवर आणा, आणि मगच काटा पुन्हा लावा. पहिला आलेख जपून ठेवला असेल तर तो यावेळी शेजारी ठेवता येतो. त्याच ओढीला वजन दोन-तीन पाउंडांनी घटलेलं दिसलं, किंवा बोल्टला हात न लावता टिलर सरकला, तर धनुष्याची दोरी उतरवा आणि ते लिम्ब जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पुन्हा ओढू नका.